गुंतवणूक आणि सट्टा : इंदूरच्या बाजारातून

संपादकांचे पत्र आले तेव्हा परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर होता. 'अर्थशास्त्राचा एखादा विषय घ्या, पण विद्यार्थ्यांना समजेल असा,' एवढीच त्यांची अट होती. याच कॉलेजच्या बाकांवर बसून मी वाणिज्य शिकलो. पुढे नोकरीच्या निमित्ताने बेळगाव सोडून इंदूरला आलो आणि इथलाच झालो. तेव्हा नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. विषयही शोधावा लागला नाही, कारण तो आठवड्यापूर्वीच माझ्या घराच्या पायऱ्या चढून आला होता.

बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षातला तो मुलगा. देवासकडच्या एका खेड्यातला; वडील सोयाबीन पिकवतात. मंडीत सोयाबीन विकून वडिलांनी फी आणि खोलीभाडे यांसाठी त्याच्या हाती ६२ हजार रुपये दिले होते. मुलाने ते मोबाईलवरून बाजारात लावले आणि चौदा दिवसांत त्यातले ५ हजार उरले. घरी अजून कोणाला ठाऊक नव्हते. बराच वेळ तो खाली मान घालून बसला आणि मग त्याने मला जे विचारले ते ऐकून मी चकित झालो. "सर, पुढच्या महिन्यात बाजार वर जाईल ना?"

मी त्याला रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार मला का नव्हता, ते पुढे सांगेन. पण त्याचा प्रश्न मनात घोळत राहिला. आर्थिक क्षितिजावर काय दिसते आहे, तेजी येणार की मंदी, हे जाणून घेण्याची इच्छा वाईट नाही. पण त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे ठाऊक असावी लागतात. मी नेमके काय विकत घेतले आहे? आणि हे पैसे मला परत केव्हा लागणार आहेत? या मुलाला दोन्हींची उत्तरे देता आली नाहीत.

पहिला प्रश्न पाहू. बेळगावच्या वाचकांना उदाहरणासाठी लांब जायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे ते औंध संस्थानात गेले, १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. लिमिटेड कंपनी झाली म्हणजे काय झाले? ज्याने कधी भट्टीजवळ पाऊल टाकले नाही अशा माणसालाही त्या कारखान्याचा लहानसा मालक होता येऊ लागले. तो कागद म्हणजे शेअर. कारखान्याला नफा झाला तर त्यातला वाटा, म्हणजे लाभांश, मिळेल. तोटा झाला तर मिळणार नाही. आणि कारखाना बुडाला तर लावलेली रक्कम जाईल, पण घरादारावर जप्ती येणार नाही. एवढाच 'लिमिटेड' या शब्दाचा अर्थ. शेअरचा भाव रोज वरखाली होतो, हे त्या कागदाचे दुय्यम लक्षण आहे. मूळ लक्षण मालकीचे आहे.

आता याच्या शेजारी कर्ज ठेवून पाहा. यासाठी इंदूरचेच उदाहरण फार बोलके आहे. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांना राजधानीपर्यंत रेल्वे हवी होती. मुंबईहून निघालेला मोठा लोहमार्ग खांडव्यावरून जात होता. इंदूर वर, विंध्याच्या पठारावर. १८७० च्या सुमारास महाराजांनी इंग्रज सरकारला या मार्गासाठी १ कोटी रुपयांचे कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. शिवाय मार्गाला लागणारी जमीन फुकट दिली. पातालपाणी-कालाकुंडचा घाट चढून आणि नर्मदेवर पूल बांधून ती 'होळकर स्टेट रेल्वे' इंदूरला पोचली. संस्थानिकांच्या हौसेमौजेच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. इंदूरच्या मराठी राजाचा हा व्यवहार मात्र अभ्यासक्रमात घालण्यासारखा आहे.

व्यवहाराची गणिती बाजू पाहा. वर्षाला साडेचार लाख रुपये व्याज ठरले. १८७० साली ही केवढी रक्कम! पण करारात ती १०१ वर्षांसाठी तेवढीच राहते. व्याजाने दिलेल्या पैशाचा हाच गुण आणि हाच दोष. रक्कम ठरलेली असते, म्हणून झोप लागते. रक्कम ठरलेली असते, म्हणूनच भाववाढ तिला आतून पोखरते. ७२ ला भाववाढीच्या दराने भागले की किती वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतील ते अदमासे कळते. दर ६ टक्के धरला तर १२ वर्षे. म्हणजे वयाच्या २४ व्या वर्षी जो जिन्नस १०० रुपयांना मिळतो, तो साठाव्या वर्षी ८०० रुपयांना मिळेल. अर्थात महाराजांचा खरा लाभ व्याजात नव्हताच. रेल्वे आली, कापूस आणि अफू यांची वाहतूक सुकर झाली, गिरण्या उभ्या राहिल्या, जकात वाढली. कर्ज देणारा आणि मालक या दोन्ही भूमिका त्यांनी एकदम वठवल्या. आपल्यासारख्यांना ते साधत नाही. म्हणून थोडे पैसे ठेवीत आणि थोडे मालकीत अशी वाटणी करावी लागते.

ज्या दशकात हा विचार चालू होता त्याच दशकात मुंबईत काय घडले होते, तेही सांगितले पाहिजे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांतली 'बॅक बे रेक्लमेशन' सर्वांत गाजली. ५ हजार रुपये भरलेल्या तिच्या शेअरचा भाव ५० हजारांच्या घरात गेला. जमीन अजून समुद्राखालीच होती! १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची वार्ता आली, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ या हिशेब चुकता करण्याच्या दिवशी मुंबईतील भल्याभल्यांची दिवाळी निघाली. पुढे १८६८ मध्ये बँक ऑफ बाँबेलाही टाळे लागले. मौज अशी की कापूस खरा होता, गिऱ्हाईकही खरे होते. खोटी होती ती एकच समजूत, की आजचा भाव उद्याही राहील.

इंदूरच्या रक्तातही ही नशा आहे. बाहेरगावचा पाहुणा रात्री सराफ्यात गरमागरम जिलबी आणि भुट्ट्याचा कीस खायला जातो. पण याच मध्यवस्तीत एके काळी अफू, कापूस, चांदी यांचे सौदे होत. सर सेठ हुकुमचंद (१८७४–१९५९) हे त्या दुनियेचे बादशहा. सट्ट्यात त्यांनी अमाप मिळवले हे खरे, पण लोक त्यांच्या शीशमहालाकडे पाहतात आणि एक गोष्ट विसरतात. मिळवलेला पैसा त्यांनी इंदूरला आणि कलकत्त्याला गिरण्यांत घातला. इंदूरची हुकुमचंद मिल १९१५ सालची. सट्ट्यात जिंकलेला पैसा उत्पादनात गेला तेव्हा त्यातून हजारो चुली पेटल्या.

आणि तरी गिरणीही अमर नसते. ज्यांना 'चांगला शेअर घ्या आणि विसरून जा' असा उपदेश मिळतो, त्यांनी इंदूरच्या गिरण्यांचा इतिहास वाचावा. यंत्रमागाचे स्वस्त कापड, कृत्रिम धागा आणि न बदललेली जुनी यंत्रे यांपुढे जुन्या गिरण्या टिकल्या नाहीत. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. पाच हजारांहून अधिक कामगार रस्त्यावर आले. त्यांच्या देण्यांचा निकाल लागून सुमारे २२४ कोटी रुपये मिळण्याचा मार्ग मोकळा झाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे बत्तीस वर्षांनी. तोवर कितीतरी कामगार निवर्तले होते. पैसे विधवांच्या आणि मुलांच्या हाती आले.

कंपनी बुडाली की रांग लागते. पुढे उभे असतात तारण घेतलेले सावकार आणि, १९८५ च्या कायदेदुरुस्तीनंतर, त्यांच्या बरोबरीने कामगार. मग सरकारी देणी, इतर देणेकरी. रांगेत अगदी शेवटी भागधारक. पुढच्यांनाच बत्तीस वर्षे लागली, तर शेवटच्याला काय मिळणार याचा विचार ज्याने त्याने करावा. म्हणून सगळे पैसे एका कंपनीत घालू नयेत, हे पुस्तकातले वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहीत नाही. कधी वाटले तर मुलांना त्या गिरणीच्या आवारापर्यंत चालवत नेतो.

आता माझी स्वतःची कथा. १९९४-९५ चा सुमार. सरकारने भाव ठरवण्याची जुनी पद्धत १९९२ मध्ये मोडीत काढली होती आणि नव्या कंपन्यांच्या अर्जांचा पाऊस पडत होता. स्टाफरूममध्ये चहाबरोबर अर्ज वाटले जात. एका सहकाऱ्याने सांगितले, त्याला त्याच्या मेव्हण्याने सांगितले होते, आणि मी एका कोळंबी-संवर्धनाच्या कंपनीचे शेअर दोन पगारांएवढ्या रकमेचे घेतले. मी वाणिज्याचा प्राध्यापक! तिचे माहितीपत्रक मी उघडलेही नव्हते. दोन वर्षांनी पत्र पाठवले तर 'पत्ता सापडत नाही' या शेऱ्यासह परत आले. अशा गायब झालेल्या दोनशेहून अधिक कंपन्यांची यादी पुढे सरकारला करावी लागली. ते शेअर प्रमाणपत्र अजून माझ्या कपाटात आहे. नक्षीदार कागद आहे. त्या मुलाला मी पहिल्यांदा तेच काढून दाखवले.

याच काळातली दुसरी कथा आमचे कानडी मित्र अभिमानाने सांगतात, आणि तीही खरी आहे. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली, १९८३ मध्ये बंगळूरला गेली, आणि १९९३ साली तिने ९५ रुपयांना शेअर विकायला काढला. तेव्हा तो लोकांनी पूर्ण उचललाही नाही! ज्यांनी उचलला आणि ठेवला त्यांचे कल्याण झाले. मात्र ही कथा ऐकताना कोळंबीची कथाही ऐकावी. यशस्वी कंपनीचे भागधारक समारंभात भेटतात. बुडालेल्या कंपनीचे भागधारक त्याबद्दल बोलत नाहीत. मीही तीस वर्षे बोललो नव्हतो.

त्या मुलाने मात्र शेअर घेतलाच नव्हता. त्याने केले ते 'एफ अँड ओ', म्हणजे वायदे आणि ऑप्शन. वायदा ही मुळात वाईट गोष्ट नाही. सोयाबीनचे तेल काढणारा कारखानदार तीन महिन्यांनंतरचा भाव आज ठरवून ठेवतो, म्हणजे त्याचा धोका कमी होतो. इंदूर हे अशा सोया-वायद्यांचे देशातले मोठे केंद्र होते. (डिसेंबर २०२१ मध्ये भाववाढीच्या भीतीने सोयाबीनचे वायदे स्थगित झाले आणि स्थगितीची मुदत वाढत गेली, ही वेगळी कथा.) पण ज्याच्यापाशी ना सोयाबीन ना कारखाना, त्याने आठवडाभराच्या ऑप्शनवर पैसे लावले तर तो कोणता धोका कमी करतो? त्या व्यवहारात नवीन संपत्ती निर्माण होत नाही. एकाला मिळालेला रुपया दुसऱ्याच्या खिशातून येतो, आणि दोघांच्या खिशांतून दलाली व कर जातो. सगळ्या खेळाडूंची बेरीज म्हणूनच शून्याखाली भरते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा व्यक्तिगत व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाल्याचे आढळले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. माझ्या वर्गात साठ मुले बसतात. हिशेब तुम्हीच करा.

"पण सर, टिप देणाऱ्याचे पहिले चार अंदाज बरोबर आले होते," मुलगा म्हणाला.

इथे इंदूरकर म्हणून मला थोडी लाज वाटते. गेल्या काही वर्षांत शेअरचा सल्ला फोनवरून विकणाऱ्या पेढ्यांचे आमचे शहर माहेरघर झाले, आणि सेबीचे कितीतरी आदेश इंदूरच्या पत्त्यांवर निघाले. त्यांतले सगळेच लबाड होते असे मी म्हणणार नाही. पण चार अंदाज बरोबर येण्यामागे विद्या असावीच लागते असे नाही. समजा, तुमच्याकडे १,०२४ फोन नंबर आहेत. निम्म्यांना 'उद्या बाजार चढेल' असे कळवा, निम्म्यांना 'पडेल'. ज्यांच्या बाबतीत खरे ठरले त्या ५१२ जणांनाच दुसऱ्या दिवशी पुन्हा असेच निम्मे-निम्मे कळवा. पाच दिवसांनी ३२ माणसे उरतील, ज्यांनी तुमचे पाचही अंदाज खरे ठरलेले पाहिले. ती तुम्हाला देवमाणूस मानतील. फी त्यांच्याकडून घ्यायची. मी हे कागदावर मांडले तेव्हा मुलाचा चेहरा उतरला आणि मग, मला बरे वाटले, तो हसला. सल्लागाराची सेबीकडे नोंदणी आहे का हे पाहावे, आणि जो नक्की नफ्याचे वचन देतो त्याचा फोन ठेवून द्यावा. यापलीकडे मी काही सांगू शकलो नाही.

मग आम्ही त्याच्या प्रश्नाकडे वळलो. बाजार वर जाईल का? मी दोन गोष्टींकडे बघायला सांगितले. पहिली व्याजदर. दरसाल ८ रुपये कायम देणारी एखादी मिळकत आहे असे धरा. बाजारात व्याज ८ टक्के असेल तर तिची किंमत १०० रुपये. व्याज १० टक्के झाले तर ८० रुपयांना मागतील. कंपनी तीच, नफा तोच, किंमत मात्र उतरली. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या आरंभी साडेसहा टक्के असलेला रेपो दर डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आणला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला मथळे दिले ते एवढ्यासाठी. दुसरी गोष्ट नफा, आणि त्या नफ्यासाठी आपण मोजतो ती किंमत. देशाची प्रगती होणार हे खरे असले तरी ती प्रगती भावात आधीच धरलेली असेल, तर घेणाऱ्याच्या वाट्याला फारसे उरत नाही. बॅक बेच्या शेअरने हेच शिकवले. पाऊस, खनिज तेल, परदेशी भांडवल यांचीही यादी देता येईल. पण ती सगळ्यांच्याच हाती असते, आणि तिच्यावरून पुढच्या महिन्याचे भविष्य सांगणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

"तुझ्या वडिलांना विचार," मी म्हणालो. "मंडीत येत्या गुरुवारी काय भाव निघेल ते ते सांगतील का?"

"नाही सांगणार. ते म्हणतात, पेरताना भाव कोणाला माहीत असतो? फक्त उधारी करून पेरू नये आणि बियाणे विकून खाऊ नये."

मी नोंदवहीत ते लिहून घेतले.

राहिला दुसरा प्रश्न, पैसे केव्हा लागणार याचा. जानेवारी २००८ मध्ये मुंबईचा निर्देशांक २१ हजारांच्या आसपास होता. ऑक्टोबरअखेर तो एका क्षणी ८ हजारांच्याही खाली गेला. पुन्हा २१ हजार दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडले. ज्याला मधल्या काळात पैशांची गरज नव्हती त्याने फक्त वाट पाहिली. ज्याच्या मुलीचे लग्न २००८ च्या दिवाळीनंतर होते त्याने साठ टक्के गमावले. दोघांचे शेअर तेच असू शकतील. २०२० च्या मार्चमध्ये निर्देशांक दोन महिन्यांत ४२ हजारांवरून २६ हजारांवर आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात परत चढला, म्हणून नवीन मुलांना वाटते की पडलेला बाजार आठ महिन्यांत उठतोच. तसा काही नियम नाही. पुढच्या सत्राच्या फीचे पैसे शेअरमध्ये ठेवता येत नाहीत, मग आर्थिक क्षितिज कितीही उजळ असो. पाच-सात वर्षे ज्याकडे पाहावे लागणार नाही तेवढाच पैसा तिथे जावा, आणि शक्यतो दरमहा थोडाथोडा, अनेक कंपन्यांत विभागून. म्युच्युअल फंडांमुळे हे आता पाचशे रुपयांतही जमते. माझ्या तरुणपणी ही सोय असती तर कोळंबीच्या वाटेला मी गेलो असतो का? कदाचित गेलोही असतो.

जाता जाता एक. सन १९८० पर्यंत सबंध देशात मान्यताप्राप्त शेअर बाजार आठच होते आणि त्यांत इंदूर होते. दलाल ओरडून भाव सांगत. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचा पडदा आला, मग तो प्रत्येक गावात पोचला, आणि २०१५ साली इंदूरचा बाजार रीतसर मिटला. दलालाच्या पेढीवर जाऊन, ओळख काढून, धनादेश लिहून शेअर घ्यायला तेव्हा चार दिवस लागत. त्या चार दिवसांत निम्म्या लोकांचा विचार बदलत असे. आता झोपण्यापूर्वी अंथरुणात आज्ञा देऊन ठेवता येते.

मुलाने वडिलांना सगळे सांगितले. मी सोबत गेलो होतो. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने मला विचारले, "फीची तारीख कोणती?" फी दोन हप्त्यांत भरायचे कॉलेजने मान्य केले आहे, आणि मुलगा संध्याकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. मोबाईलमधले ते अ‍ॅप त्याने काढून टाकले की नाही, हे मी विचारलेले नाही. रविवारी मात्र तो एका कंपनीचा वार्षिक अहवाल छापून माझ्याकडे घेऊन येतो. गेल्या वेळी आम्ही ताळेबंदाच्या देणी बाजूवर अडलो. माझ्या चष्म्याला आता शेवटच्या पानांवरच्या बारीक टिपा दिसत नाहीत. त्या त्यालाच मोठ्याने वाचायला सांगितल्या आहेत.